लवूच्या नावाचं तिकीट

दर महिन्याच्या तीन तारखेला लवूचा मेसेज यायचा. लवूला जाऊन तीन वर्षं झाली होती, पण नीलपंख विमान कंपनीला ते कुणी कळवलं नव्हतं, त्यामुळे कंपनी आपली नेमाने त्याची चौकशी करायची. "प्रिय लवू, बऱ्याच दिवसांत भेट नाही. तुमची आठवण येते. तुमच्या खात्यात अठरा हजार दोनशे चाळीस माइल्स आहेत." मेसेज इंग्रजीत असायचा. लवूची बायको सीमा तो सासूला मराठीत करून वाचून दाखवायची. गंगुबाई खाटेवर सरसावून बसायच्या आणि वाचून झालं की म्हणायच्या, "परत एकदा वाच गो."

लवू सिटी स्कॅनची मशीनं दुरुस्त करायचा. महिन्यातले वीस दिवस गुवाहाटी, पाटणा, रायपूर, जिथे मशीन बंद पडेल तिथे. जितका विमानप्रवास तितके माइल्स खात्यात जमा, आणि पुरेसे साठले की त्यावर फुकट तिकीट. लालबागच्या त्यांच्या चाळीत विमानात बसलेली माणसं आता पुष्कळ होती, पण विमानाचा कंटाळा आलेला माणूस एकटा लवूच. येताना विमानातल्या साखरेच्या पुड्या खिशात भरून आणायचा. आई ओरडायची, मेल्या चोरी करतंस, आणि पुड्या डब्यात नीट रचून ठेवायची.

त्याचा फोन सीमाने चालू ठेवला होता. भिंतीवरच्या फोटोखाली, फळीवर, तो कायम चार्जरला लावलेला असायचा. मधूनच आपोआप उजळायचा, आणि घरात दोघीच असल्या की दोघींच्याही माना एकदम तिकडे वळायच्या. कधी विमा विकणारे असत, कधी कुठल्या तरी हॉस्पिटलातला नवा माणूस. "लवू सर आहेत का?" सीमाचं उत्तर ठरलेलं, "फिरतीवर आहेत." लग्नाच्या बारा वर्षांत हे वाक्य तिने इतक्या वेळा म्हटलं होतं की दुसरं काही तोंडातून निघायचंच नाही. आणि खरं सांगायचं तर आपण खोटं बोलतोय असं तिला वाटायचंही नाही. परळच्या लॅबमध्ये खिडकीवर बसून रिपोर्ट देणारी, शिकली-सवरलेली बाई. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. तरी संध्याकाळी घरी आल्यावर कुलूप काढण्याआधी ती दोनदा खाकरायची. कुणासाठी, ते तिने स्वतःला कधी विचारलं नाही.

हे सगळं अडलं होतं ते दहाव्याच्या दिवशी दिलेल्या एका शब्दापायी.

बाणगंगेवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे होते, चांगले पाच-सहा कठड्यावर बसले होते, पण जेवून आल्यासारखे. लवूची काहीतरी इच्छा राहिली असणार, ती पुरी करू असं कुणीतरी बोलायला हवं होतं. भाऊबंद एकेक करून हात जोडून पुढे आले. आईला सांभाळू. सीमाला एकटं पडू देणार नाही. गावाहून आलेला चुलतभाऊ कुशाबा तर बांधावरून वीस वर्षं चाललेलं भांडण मिटवायला तयार झाला, म्हणजे पाहा. कावळे ढिम्म. ऊन चढलं. गुरुजींनी घड्याळ बघत दर्भाचा कावळा करायला घेतला, तेव्हा सीमा पुढे झाली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आईंना विमानातून गावी पाठवीन. तुझ्या माइल्सवर." लवू हे नेहमी म्हणायचा आणि दर वेळी पुढच्या महिन्यावर ढकलायचा. तिचं वाक्य पुरं होतंय न होतंय तोच एक कावळा खाली उतरला आणि त्याने पिंडाला चोच मारली. बायका रडू लागल्या. सीमाला रडू आलं नाही, तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

त्यानंतरच्या तीन वर्षांत गंगुबाई काही विमानात बसल्या नाहीत. एकदा गुडघा धरला. एकदा पितृपक्ष लागला. एकदा शेजारच्या मालनच्या मुलीचं लग्न होतं, आणि त्या मुलीशी गंगुबाईंचं धड बोलणंही नव्हतं. सीमा दर वेळी म्हणायची, बरं, पुढच्या महिन्यात बघू.

मग या वर्षी नीलपंख बुडायला लागली. आधी पेपरात आतल्या पानावर, मग पहिल्या पानावर, मग टीव्हीवर. बँकांनी तगादा लावला, अर्धी विमानं जमिनीवर आली, पायलट सोडून गेले. तीन तारखेला मेसेज आला त्यात आठवण येण्याबद्दल अवाक्षर नव्हतं. एकतीस तारखेपर्यंत माइल्स वापरा, त्यानंतर खातं राहणार नाही, एवढंच होतं. सीमाने तो काही न गाळता मराठीत वाचून दाखवला.

"खातं राहणार नाही म्हणजे?" गंगुबाईंनी विचारलं, आणि मग मालवणीत, नातवंडांना दटावतात तशा आवाजात, "म्हणजे काय ता सांग."

"म्हणजे मेसेज यायचे नाहीत, आई. आणि माइल्सही बुडाले. या महिन्यात गेलं पाहिजे."

"माका नाय जावचा."

"मी शब्द दिलाय त्याला."

"शब्द दिलंस म्हणान तर तो हय असा!" गंगुबाई एकदम बोलून गेल्या. मग फळीकडे बघत, आवाज उतरवून म्हणाल्या, "शब्द पुरो झालो काय तो जातलो. इतक्यापण कळणा नाय तुका?"

सीमाला कळत होतं. पहिल्यापासून कळत होतं. आईंचा गुडघा दुखला की तिला सुटल्यासारखं वाटायचं, पितृपक्ष लागला तेव्हाही वाटलं होतं. हट्ट सासूचा आणि सोय दोघींची, असा तो कारभार होता. आज ते तोंडावर आलं तेव्हा तिला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग भीती.

"आणि शब्द मोडला तर?" ती म्हणाली. "विमानंच राहिली नाहीत, तर कशाने पुरा करणार? मग काय, असाच राहणार तो? अडकून?"

गंगुबाई पदर सावरत उठल्या आणि म्हणाल्या, "विचारून तरी येवया."

इंटरनेटवर नीलपंखचं पान उघडत नव्हतं आणि फोन कुणी उचलत नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सीमाने रजा टाकली आणि दोघी टॅक्सीने नरिमन पॉइंटच्या ऑफिसात गेल्या. लवूचा फोन सीमाच्या पर्समध्ये होता. तीन वर्षांत तो पहिल्यांदाच घराबाहेर पडत होता आणि गंगुबाईंचं सगळं लक्ष त्या पर्सकडे होतं.

ऑफिसात निम्मे दिवे बंद होते. टेबलांवरून कॉम्प्युटर उचलून नेलेले, नुसत्या वायरी लोंबत होत्या. एकाच खिडकीवर एक मुलगी बसली होती. छातीवर नाव होतं, नम्रता. तिच्यासमोर दोन-तीन माणसं तावातावाने भांडून गेली, ती प्रत्येकाला तेच शांतपणे सांगत होती. सीमाचा नंबर आल्यावर तिने खात्याचा क्रमांक विचारला, लवूच्या फोनवर एक आकडा पाठवला, पर्समध्ये फोन थरथरला आणि सीमाने तो आकडा वाचून दाखवला.

"सर स्वतः येऊ शकतील का?"

"फिरतीवर आहेत," सीमा म्हणाली, आणि शेजारी आई बसल्यात हे तिला मागाहून आठवलं. गंगुबाईंनी मान हलवून दुजोरा दिला.

नम्रता पडद्यावर खाली खाली जात होती. "शेवटचा प्रवास कलकत्ता-मुंबई," ती म्हणाली, "नऊ फेब्रुवारी, सीट चौदा ए. त्यानंतर तीन वर्षांत काहीच..." आणि ती थांबली.

लवू गेला तो आठ फेब्रुवारीला, कलकत्त्याच्या हॉटेलात, झोपेत. त्याच्याबरोबर कामाला गेलेल्या राजेशने त्याला घरी आणलं. दुसऱ्या दिवशीच्या विमानाची तिकिटं दोघांनी आधीच काढलेली होती, बोर्डिंग पासही आदल्या संध्याकाळी छापून ठेवलेले. शवपेटी खाली सामानात चढली आणि वर दारात राजेशने, त्याला काहीच सुचत नव्हतं, दोन्ही पास पुढे केले. तिथल्या मुलीने दोन्ही फाडले. शेजारची जागा मुंबईपर्यंत रिकामी होती, हे राजेशने सीमाला तेराव्याला रडत सांगितलं होतं. कंपनीच्या लेखी मात्र लवू त्या दिवशी चौदा ए वर बसून आला होता, आणि त्याचे माइल्सही त्याला मिळाले होते.

त्याच बुकिंगखाली पेटीचीही नोंद असणार. नम्रताने ती वाचली, हे तिच्या चेहऱ्यावरून सीमाला समजलं. खातेदार गेला की माइल्सही संपतात, असा नियम होता. सीमाने तो कधीच वाचून ठेवला होता. ती आता खिडकी बंद होण्याची वाट बघत राहिली.

"कुठलं तिकीट हवंय, ताई?" नम्रताने विचारलं. मघापर्यंत ती मॅडम म्हणत होती.

"गोवा. मोपा. तिथून आमचं गाव जवळ आहे. आम्हा दोघींना."

"दोन तिकिटं होतात. जातानाची." नम्रता पुन्हा पडद्यात बघू लागली. "पण हे माइल्स फक्त सर स्वतः वापरू शकतात, नाहीतर त्यांनी ज्यांची नावं यादीत दिलीत ते. यादीत एकच नाव आहे. गंगुबाई."

"माझं नाव नाही?"

"नाही. ही यादी खातं उघडतानाच भरलेली दिसतेय. आणि नवीन नाव टाकणं गेल्या महिन्यात बंद केलं."

खातं उघडलं तेव्हा लवूचं लग्न झालेलं नव्हतं. म्हणजे चूक अशी कुणाचीच नव्हती. पण त्यानंतर बारा वर्षं होती, आणि एक नाव टाकायला असा किती वेळ लागतो? मेलेल्या माणसावर रागावायचं तरी कसं, म्हणून सीमा खिडकीच्या काचेवरच्या चिकटपट्टीकडे बघत राहिली.

"म्हणजे एक आजींना," नम्रता हळूच म्हणाली, "आणि दुसरं काढायचंच असेल तर सरांच्याच नावावर निघेल. नाही काढलं तर ते माइल्स फुकट जातील, इतकंच."

"मगे काढ," गंगुबाई म्हणाल्या.

"आई, तुम्ही एकट्या कशा जाणार?"

"एकटी खय? ती काय बोलली ऐकलंस नाय? माझ्या बाजूक लवूची सीट काढ. तर मी जातंय. नायतर नाय." तीन वर्षांत त्यांचा आवाज इतका खणखणीत लागला नव्हता. "तेका खिडकी आवडता. खिडकीची दी तेका."

नम्रताने सीमाकडे पाहिलं. सीमाला वाटलं, ही आता हसेल. ती हसली नाही.

"अठ्ठावीसच्या विमानात जागा आहे, मी त्या दिवशी एअरपोर्टवरच असेन," नम्रता म्हणाली. "माणसं उरली नाहीत, आम्हालाच पाठवतात. आजींना मी नेऊन बसवीन. शेजारी कुणाला बसू देणार नाही." मग बोटं चालवता चालवता, कुणालाच न सांगितल्यासारखं म्हणाली, "नियम आता कुणासाठी पाळायचे?"

दोन कागद छापून आले. एकावर आईचं नाव, एकावर मुलाचं. सीमाने ते घडी करून पर्समध्ये फोनशेजारी ठेवले. घरी येईपर्यंत गंगुबाई टॅक्सीत आपल्याशीच काहीबाही ठरवत होत्या.

सत्तावीस तारखेला फोनवर नीलपंखचं पान एकदाचं उघडलं आणि सीमाने चेक-इन केलं. आधी आईचं. मग लवूच्या नावासमोर बोट थांबलं. प्रवासी येणार का, असं फोन विचारत होता. या एका प्रश्नाला तिच्याकडे ठरलेलं उत्तर नव्हतं. नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं, आईंना वाचता थोडंच येत होतं. पण यादीत नसलेल्या बायकोला त्याच्यासाठी करण्यासारखं तेवढंच उरलं होतं. तिने हो म्हटलं. सीट चौदा ए.

अठ्ठावीसला सकाळी गंगुबाई ठेवणीतलं इरकली लुगडं नेसल्या. डब्यात सहा घावने घेतले. "सहा कशाला?" सीमाने विचारलं, आणि विचारल्यावर गप्प बसली. घरातून निघताना गंगुबाई दारात बाजूला सरून उभ्या राहिल्या, कुणीतरी पुढे जाईपर्यंत थांबावं तशा, आणि मग बाहेर पडल्या. सीमाने कुलूप लावलं. कुलूप लावताना तिला जाणवलं की आत घर रिकामं आहे. तीन वर्षांत हे तिला पहिल्यांदाच जाणवत होतं.

एअरपोर्टच्या दारात नम्रता चाकांची खुर्ची घेऊन उभी होती. पोलिसाने एक कागद बघितला, दुसरा गंगुबाईंनी मुठीत धरून ठेवला होता. सीमाला आत सोडणार नव्हते. गंगुबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. "तू नको काळजी करू. आमी दोघा असंव." मग खुर्ची काचेच्या दारातून आत गेली. सीमा बाहेर उभी राहून बघत होती. गंगुबाई खुर्चीतून मान उजवीकडे वर करून कुणाशी तरी बोलत चालल्या होत्या. नम्रता मागे होती. उजवीकडे कुणी नव्हतं.

पावणेबाराला नम्रताचा फोन आला. विमान वेळेवर सुटलं, आजी खुशीत होत्या, चौदा ए रिकामी ठेवली. सीमा तशीच लॅबमध्ये गेली. घरी बसवणार नव्हतं.

चारच्या सुमाराला लॅबमधल्या टीव्हीवर बातमी आली, नीलपंखची सगळी उड्डाणं आजपासून बंद. रिपोर्टसाठी थांबलेले लोक हळहळले, कुणाचं सिंगापूरचं तिकीट होतं, कुणाची आत्या दिल्लीला अडकली होती. सीमाला मात्र आतून आनंद झाला. जमलं. अगदी शेवटच्या दिवशी का होईना, पण जमलं. शब्द पुरा झाला. आता तो सुटला, आणि आपणही सुटलो. तिला वाटलं तितकं दुःख झालं नाही, उलट खूप दिवसांनी भूक लागली. तिने समोरच्या हॉटेलातून वडा मागवला.

वडा खाताना नम्रताचा पुन्हा फोन. आवाज घोगरा झाला होता. "आजींचं विमान शेवटचं ठरलं, ताई. परतीचं उड्डाण रद्द केलं. मोपालाच एका कडेला उभं करून ठेवलंय, दारं बंद करून सील लावलंय. बँकेची माणसं ताबा घेईपर्यंत आता कुणी आत जायचं नाही." सीमाने तिचे पुन्हा पुन्हा आभार मानले आणि तुझं कसं होणार म्हणून विचारलं. नम्रता म्हणाली, बघू.

साडेपाचला, मोपाला न्यायला गेलेल्या कुशाबाच्या फोनवरून गंगुबाई बोलल्या.

"पोचलंय गो."

"घाबरला नाहीत ना?"

"घाबरतंय कित्याक? तो होतो मा बाजूक." मग त्यांनी सगळं सांगितलं. ढग कसे खाली होते, कानांना कसे दडे बसले, समुद्र आला तेव्हा आधी त्यानेच कसं बोट दाखवलं. घावने मात्र त्याने खाल्ले नाहीत. तीन त्याचे तसेच परत आणलेत.

सीमा हसली. म्हाताऱ्या माणसाच्या कलाने घेतात तसं तिने विचारलं, "मग? घर बघून खूश झाला का?"

"तो उतरलोच नाय गो."

"म्हणजे?"

"सगळी माणसा उतरली. मी तेका हाक मारलंय, चल बाबा, गाव इलो. दोनदा हाक मारलंय. तो उठलोच नाय. खिडकीतसून भायर बघित रवलो. खुर्चीवाली माणसा घाई करी होती. माका उचलून घेतल्यानी."

सीमा उभी राहिली. मैदानाच्या कडेला लावलेलं ते विमान तिला दिसलं, सील ठोकलेली दारं, आत एकामागून एक रिकाम्या ओळी, आणि चौदाव्या ओळीत खिडकीशी तो. तिने स्वतःच्या हाताने त्याला तिथे बसवलं होतं. फोनने विचारलं होतं, येणार का, आणि तिने हो म्हटलं होतं. आता ते दार कधी उघडणार, कोण उघडणार, कुणाला विचारायचं? ऑफिस नाही, खातं नाही, तीन तारखेला कळवणारंही कुणी नाही. भुताखेतांवर काडीचा विश्वास नसलेली ती बाई रिपोर्टच्या खिडकीत उभी राहून इतक्या मोठ्याने ओरडली की सगळी रांग वळून बघू लागली.

"मग तुम्ही का उतरलात? त्याला तिथे एकट्याला टाकून तुम्ही उतरलात कशाला?"

पलीकडे कुशाबाच्या स्वयंपाकघरात भांडी वाजत होती.

"मी काय करू?" गंगुबाई म्हणाल्या. "माझा तिकीट थयपर्यंतच होता गो."